लाल पेन आणि एक छोटं देऊळ



एरवी मी इथं मुलांसाठी निबंध देते. पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता सण, वृक्ष आपले मित्र. आज मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी लिहिते आहे. कारण या वेळी चूक वर्गातल्या मुलीची नव्हती, माझी होती. आणि ती चूक तुमच्यापैकीही कुणीतरी वह्या तपासताना करतच असेल, अशी मला दाट शंका आहे.

आमचं सिरसाळा तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. परळी तालुक्यातलं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून मुलं शाळेत येतात. दिवाळी झाली की निम्म्या वर्गाचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुलं आजीकडे, चुलतीकडे, कुणाकुणाकडे राहून शिकतात. ऑगस्टमध्ये नववीला मी निबंध दिला होता, ‘माझे आवडते ठिकाण’. त्रेचाळीस वह्या आल्या. त्यांतल्या वीस-बावीस परळीच्या वैजनाथावर. ते साहजिकच, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आमच्या दाराशी आहे. बाकी अंबाजोगाईची योगेश्वरी, धारूरचा किल्ला, माजलगावचं धरण. एकाने मामाच्या आखाड्यावर लिहिलं होतं, तो निबंध मला फार आवडला.

आणि एक वही वेगळी होती. मुलीचं नाव सांगत नाही. गप्प बसणारी, तिसऱ्या बाकावरची. तिने लिहिलं होतं ते साधारण असं: आमचे देऊळ छोटे आहे. त्याला कळस नाही. आत मूर्ती नाही, पण फळा आहे. रविवारी पाळक येतात. मामा पेटी वाजवतो. सुगीच्या दिवसांत सगळे शेतातले काहीतरी आणतात आणि मग लिलाव होतो. माझ्या आजीने एक भोपळा दीडशे रुपयांना घेतला. तो तिनेच आणला होता.

भोपळ्यापाशी मी हसले. पण हातात लाल पेन होतं ना. मी ‘देऊळ’ शब्दाला गोल केला. एकदा नाही, पाच ठिकाणी. वर लिहिलं, ‘चर्च’. ‘पाळक’ला गोल करून लिहिलं, ‘धर्मगुरू’. खाली शेरा दिला, ‘योग्य शब्द वापरावेत’, आणि अर्धा गुण कापला. वही मिटली, पुढची घेतली. चार मिनिटांचं काम.

निबंध सुधारून परत लिहून आणायचा असा आमच्याकडे नियम आहे. आठवड्याने तिने वही दिली. विषय तोच, अक्षर तेच, पण निबंध परळी वैजनाथाचा. आणि तोही तिचा नव्हे, गाईडमधला, स्वल्पविरामासकट. ‘भारताच्या सांस्कृतिक वैभवात मोलाची भर घालणारे हे तीर्थक्षेत्र’ अशी वाक्यं. माझ्याकडे बघून तिने विचारलं, “मॅडम, आता बरोबर आहे ना?”

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी काय सांगणार होते?

हे मी विसरूनही गेले असते. पण दिवाळीच्या सुट्टीआधी तिची आई शाळेत आली. कारखान्यावर जायची तयारी चालली होती, जाण्याआधी एका अर्जावर सही हवी होती. सही झाल्यावर ती घुटमळली. म्हणाली, “मॅडम, पोरगी म्हणती देऊळ म्हणायचं नसतंय. मग काय म्हणायचं? आमच्या माहेरी तर सगळे देऊळच म्हणतेत.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होती ती. शिकलेल्या बाईंनी सांगितलंय म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असणार, असा तो सूर होता. तो माझ्या फार जिव्हारी लागला.

तिचं माहेर नगर जिल्ह्यातलं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे.) माझा भाऊ नगरला असतो, भाऊबीजेला मी जातेच. मुलगी सुट्टीत आजोळी असणार होती. मी म्हटलं, “मी येऊन बघते तुमचं देऊळ.” म्हणाले खरी, आणि मग जाणं भाग पडलं.

सिरसाळ्याहून बीड, बीडला गाडी बदलून नगर, आणि भाऊबीजेनंतरच्या रविवारी सकाळी भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून ते गाव. गावाचं नाव लिहीत नाही, मुलीची ओळख नको म्हणून. वाटेत दोन्हीकडे ऊस, अजून तोड सुरू झालेली नव्हती. मी मनात चर्चचं एक चित्र घेऊन गेले होते. सिनेमातलं असतं तसं, उंच मनोरा, रंगीत काचा, टोकदार कमानी. भावाने गाडी थांबवली तेव्हा मला वाटलं पत्ता चुकला.

एक दगडी खोली. वर पत्रे. पुढे छोटी ओसरी, ओसरीत चपलांचा ढीग. दारावर साल कोरलेलं होतं, पण वर्षानुवर्षांच्या चुन्याखाली आकडे बुजून गेलेत. लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, ती घंटा. एक पोरगा तो लोखंडी खिळ्याने बडवत होता आणि दर चार ठोक्यांनी थांबून आपल्या मित्राला देत होता. तुमच्या-माझ्या शाळेची पहिली घंटाही अशीच तर होती!

आत सतरंज्या अंथरलेल्या. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. समोर एक लाकडी टेबल, त्यावर पांढरं कापड, झेंडूची फुलं आणि साधा लाकडी क्रूस. पवित्र शास्त्र लाल फडक्यात बांधलेलं, आपण पोथी बांधतो तसं. आणि उजव्या भिंतीवर खरोखर फळा. भिंतीलाच काळा रंग देऊन केलेला, कडा उडालेला. त्यावर खडूने तीन आकडे लिहिले होते. मला वाटलं पाढे असतील, ते त्या दिवशी म्हणायच्या गीतांचे क्रमांक निघाले.

उपासना सुरू झाली आणि मी सावरून बसले. पेटी, तबला, टाळ. चाल ओळखीची. डोळे मिटले असते तर आमच्या गावच्या हरिपाठाला बसलेय असं वाटलं असतं. नंतर कळलं की त्यातली दोन गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती. हो, तेच टिळक, ज्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ आपण शिकवत आलो. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्म, १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढे नगरलाच कितीतरी वर्षं राहिले. इंग्रजी चालीवर मराठी शब्द ओढूनताणून बसवण्यापेक्षा अभंग आणि भजन हेच मराठी माणसाच्या गळ्यातलं आहे, हे त्यांनी ओळखलं. कीर्तनही ते करत. मी वीस वर्षं त्यांची कविता शिकवते आहे. कवीचा परिचय सांगताना ‘ख्रिस्ती धर्म स्वीकारला’ या तीन शब्दांवर मी थांबते आणि पुढे जाते. त्या तीन शब्दांच्या मागे अशी एक खोली, अशी सतरंजी आणि असा टाळ असेल, हे कधी डोक्यात आलंच नाही.

उपासना संपली. पाळकांनी बाहेर येऊन हात जोडले. पाळक हा शब्दही बघा. मेंढरं पाळणारा, म्हणून पाळक. मी त्याच्यावर ‘धर्मगुरू’ लिहिलं होतं. दोन्ही शब्दांची चव एक आहे का सांगा.

फळ्याचं विचारलं तर ते म्हणाले, “बाई, ही आधी शाळा. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी देऊळ. मास्तर तेच, उपदेश करणारे तेच.” नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. नगर शहरात मुख्य ठाणं आणि खेडोपाडी अशा एकेका खोलीच्या शाळा. ज्या मुलांना गावच्या शाळेत कुणी जवळ बसू देत नव्हतं, ती महार-मांगांची मुलं इथं पाटी घेऊन बसली. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर या भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली. लोक पोटासाठी गेले की सन्मानासाठी गेले, यावर आजही वाद घालणारे घालतात. मला तो वाद भरल्या पोटाचा वाटतो. नगरच्या याच मिशनच्या मुलींच्या शाळेत सिंथिया फॅरार नावाच्या बाई होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा काढावीशी वाटली आणि सावित्रीबाई फॅरारबाईंकडे अध्यापनाचं शिक्षण घेऊन आल्या. म्हणजे ३ जानेवारीला आपण शाळेत ज्या फोटोला हार घालतो, त्या कथेचा एक धागा अशाच साध्या खोल्यांपर्यंत जातो.

आपल्या बीडकडे हे फारसं का दिसत नाही? एक सरळ कारण म्हणजे तेव्हा नगर इंग्रजांच्या मुलखात होतं आणि बीड निजामाच्या. निजामाच्या मराठवाड्यातही प्रयत्न झाले. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली, दिवाण सालारजंगांकडून तिला जमीन मिळाली होती. पण तो वेगळा लेख होईल.

मग आम्ही आजीच्या घरी चहाला गेलो. मुलगी भिंतीला टेकून उभी, मी काय बोलते याकडे कान. मी जरा चाचरतच आजींना विचारलं, “आजी, तुम्ही याला देऊळ का म्हणता? चर्च नाही म्हणत?”

आजी म्हणाल्या, “चर्च नगरला हाय, मोठं. हे आमचं देऊळ.” मग बशीत चहा ओतता ओतता, अगदी सहज, “बाई, माझ्या आजेसासऱ्याला गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते. लांबून हात जोडायचे. मग ही खोली झाली. हिच्यात गेलं तर कुणी उठ म्हणत नव्हतं. मग हिला देऊळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?”

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. त्या शब्दाला मी पाच गोल केले होते, आणि अर्धा गुण कापला होता.

घरी आल्यावर चैन पडेना. शिक्षकाची खोड असते, पुस्तकात सापडल्याशिवाय पटत नाही. म्हटलं बघू, मराठीत हा शब्द ख्रिस्ती लोक कधीपासून वापरतात. वसईकडचे ख्रिस्ती बांधव आपल्या बोलीत चर्चला देऊळच म्हणतात, एवढं लगेच कळलं. शब्दामागे जाता जाता मी जुन्या कोशांकडे गेले, कोशांवरून व्याकरणाकडे, आणि शेवटी जाऊन पोहोचले ते थेट कलकत्त्याच्या एका चॅपलच्या दारात. तिथून जे सापडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

व्याकरण म्हटलं की आपण दादोबा पांडुरंगांचं नाव घेतो. १८३६. योग्यच आहे ते. पण त्याच्या एकतीस वर्षं आधी, १८०५ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे!) मराठीचं एक व्याकरण इंग्रजीत छापून निघालं होतं. त्यातले मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी छापलेले. लेखक विल्यम केरी. हा माणूस मूळचा इंग्लंडमधला चांभार. जोडे शिवता शिवता भाषा शिकला, मोल्टन नावाच्या खेड्यात शाळामास्तर झाला आणि तिथल्याच छोट्या बाप्टिस्ट चॅपलमध्ये उपदेशक. जगाचा नकाशा स्वतः तयार करून भिंतीवर लावायचा म्हणे. चांभारकी, मास्तरकी आणि उपदेश तिन्ही मिळून घर कसंबसं चालायचं. आपल्या पगाराबद्दल कुरकुरताना मला आता हा माणूस आठवतो.

बाप्टिस्ट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, मलाही नीट माहीत नव्हतं. बाप्तिस्मा हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ बुडवणे. पुष्कळ ख्रिस्ती पंथांत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट म्हणतात, नाही, माणूस जाणता झाला पाहिजे, त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं पाहिजे आणि मग पूर्ण पाण्यात बुडून वर आलं पाहिजे. त्यामुळे त्यांच्या चॅपलमध्ये बहुधा एक हौद असतो, नाहीतर जवळची नदी. बाकी सजावट जवळजवळ नाहीच. चार भिंती, पुस्तक, बोलायला एक जागा आणि बसायला बाक. १८०० च्या डिसेंबरात श्रीरामपूरला कृष्ण पाल नावाच्या सुताराला केरीने हुगळी नदीत बाप्तिस्मा दिला, तो या मिशनचा पहिला बंगाली माणूस. पुढे १ जानेवारी १८०९ ला कलकत्त्यात लालबाजारला त्यांचं चॅपल उघडलं. आसपास खलाशांची वस्ती आणि दारूचे गुत्ते. बहूबाजारात ते आजही उभं आहे, केरी बाप्टिस्ट चर्च नावाने.

आता या चांभाराला मराठी कुणी शिकवली? इथं मी खुर्चीतून उठलेच. कंपनी सरकारच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी शिकवायचा. तिथं मराठीचे मुख्य पंडित होते नागपूरकडचे वैजनाथ. काही ठिकाणी त्यांचं नाव वैद्यनाथ असं लिहिलेलं आढळतं. आमच्या परळीच्या देवाचीही हीच दोन नावं! वर्गातल्या वीस-बावीस वह्यांत जे नाव होतं तेच. केरीने आपल्या व्याकरणात या पंडितांचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे. १८१० मध्ये केरीचा मराठी कोश आला, मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले. १८११ मध्ये नवा करार. सिंहासनबत्तिशी आणि हितोपदेश ही श्रीरामपुरात छापलेली मराठी पुस्तकंही वैजनाथ पंडितांच्याच नावावर आहेत. एका बाजूला पाण्यात बुडी मारून धर्म घेणारा बाप्टिस्ट, दुसऱ्या बाजूला वैजनाथाच्या नावाचा पंडित, आणि मधे टेबलावर आपली मराठी. दोघांनी रोज बसून ‘तो जातो, ती जाते, ते जाते’ केलं असणार.

भोळेपणाने नाही सांगत हे. कंपनीला मराठी हवी होती ती प्रेमापोटी नव्हे. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढाई झाली, आणि दोन वर्षांत व्याकरण आलं. मुलूख चालवायचा तर मुलखाची भाषा यायला हवी, हा हिशेब त्यात होताच. पण हिशेब कुणाचाही असो, पुस्तक झालं आणि ते राहिलं.

आता त्या लालबाजारच्या चॅपलचा आणि नगरच्या फळ्याच्या देवळाचा काय संबंध? १८१२ मध्ये अमेरिकेहून पाच तरुण मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्याला निघाले. जडसन, न्यूवेल, हॉल, नॉट आणि राइस. हे बाप्टिस्ट नव्हते, बाळाला पाणी शिंपडणाऱ्या पंथातले होते. समुद्रावर महिनोन्‌महिने करायचं काय, म्हणून जडसन बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला आणि कलकत्त्याला उतरेपर्यंत त्याचं मत फिरलं. ६ सप्टेंबर १८१२ ला लालबाजारच्या त्या हौदात उतरून तो बाप्टिस्ट झाला. काही आठवड्यांनी राइसही. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. राहिलेल्यांपैकी हॉल आणि नॉट, कंपनी सरकार हाकलत असताना, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. तेच जे पुढे नगरला गेलं, ज्याच्या मास्तरांनी भिंतीला काळा रंग देऊन फळा केला. म्हणजे त्या चॅपलमध्ये मित्रांच्या वाटा फुटल्या, एक वाट ब्रह्मदेशात गेली आणि एक आमच्या शेजारच्या जिल्ह्यात.

आणि आता माझ्या लाल पेनाची गोष्ट. हॉल वगैरे मंडळी मुंबईत मराठी शिकली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की श्रीरामपूरच्या पुस्तकांतली मराठी इकडच्या लोकांना परकी वाटते. तिच्यावर नागपूरकडची छाप होती. म्हणून त्यांनी भाषांतर पुन्हा केलं. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये छापून झाला. त्याच साली हॉल नाशिककडे गावोगाव फिरताना पटकीने गेला. वैजनाथ पंडितांची मराठी चुकीची होती का हो? नागपूरला ती बरोबरच होती. मुंबईला ती बाहेरची झाली. नंतर पुण्याची मराठी पुस्तकात बसली आणि बाकी सगळ्यांच्या मराठीला गोल पडू लागले. आपल्या मराठवाड्याच्या ‘म्हणतेत’ला आणि ‘करायलोय’ला किती गोल पडले ते तुम्हीच आठवा. मलाही माझ्या शाळेत पडले होते. मी मोठी होऊन तेच पेन हातात घेतलं.

हे शिंपडणारे आणि बुडवणारे पुढे एकत्रही आले, तेही महाराष्ट्रात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरमध्ये उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मिळून एक मंडळी केली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्यात बाप्टिस्टही होते आणि नगरच्या परंपरेची मंडळीही. दोन्ही रीती मान्य ठेवल्या, बाळाचाही बाप्तिस्मा चालेल, जाणत्याचाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाने मित्र वेगळे झाले, त्यावर ‘दोन्ही बरोबर’ असा शेरा मिळाला. हे पाळकांना फोनवर सांगितलं तर ते हसून म्हणाले, “बाई, आमच्याकडे पितळी वाटी आहे, हौद परवडत नाही.”

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी तिची जुनी वही मागवून घेतली. लाल गोल काही पुसता येत नाहीत. व्हाइटनर लावून बघितलं असतं, पण ते लबाडीसारखं वाटलं. म्हणून प्रत्येक गोलाशेजारी निळ्या पेनाने ‘बरोबर’ लिहिलं आणि सही केली. पाच सह्या. ‘पाळक’ला सहावी. अर्धा गुण परत दिला. वर्गात तो निबंध तिच्याकडून वाचून घ्यायचा विचार होता, पण आधी तिला विचारलं. ती नको म्हणाली. मग मी तो आग्रह सोडला. वर्गात उभं राहून आपलं देऊळ समजावून सांगायची जबाबदारी त्या एकाच पोरीवर का? त्याऐवजी मी टिळकांच्या परिचयाला अख्खा तास घेतला. फळा, रुळाची घंटा, टाळ, सगळं सांगितलं, तिचं नाव न घेता. आखाड्यावर लिहिणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, लिलाव असतो का तिथं?” तिसऱ्या बाकावर कुणीतरी खाली बघून हसलं.

भोपळ्याचं कोडंही तिनेच नंतर उलगडून सांगितलं. देवाला वाहिलेली वस्तू पैसे दिल्याशिवाय परत घरी न्यायची नसते, आणि तो भोपळा आजीला भाजीला हवा होता. मग घेतला बोली लावून. शेजारची बाई मुद्दाम बोली वाढवत होती म्हणून दीडशेपर्यंत गेला, नाहीतर चाळीसात मिळाला असता.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. “मॅडम, दहावीच्या बोर्डाच्या पेपरात हाच निबंध आला तर मी देऊळ लिहू का?”

मी म्हटलं, “लिही.” मग माझ्यातली परीक्षक जागी झाली. पेपर कुठल्या गावी तपासला जाईल, कोण तपासेल, त्यांच्या हातात कुठलं पेन असेल! म्हटलं, “पहिल्या वाक्यात एकदा ‘ख्रिस्ती लोकांचे देऊळ’ असं लिही. म्हणजे तपासणारे अडखळणार नाहीत.”

तिने मान डोलावली. दोन पावलं गेली आणि वळली. “मॅडम, वैजनाथाच्या निबंधात पहिल्या वाक्यात ‘हिंदू लोकांचे देऊळ’ असं लिहितात का?”

तेवढ्यात घंटा झाली आणि ती पळाली.